आजारपणात पलंगावर लॅपटॉप वापरताना काय सांभाळावं?

तुम्ही विचारलंय की धाकटी बहीण कायमची आजारी, दिवसातला बराच वेळ पलंगावरच जातो आणि लॅपटॉपवरचं कामही ती तिथूनच करते, तर यात धोका किती? मला संधिवात आहे. इंदिरानगरातल्या घरी पलंगावर बसूनच मी लोकांचे हिशेब लिहिते, म्हणून सांगते.

भीती लॅपटॉपची कमी, डुलकीची जास्त. धडधाकट माणूस मांडीला चटका बसला की उठतो. आपण गोळ्यांच्या गुंगीत तसेच पडून राहतो. नाशिकची थंडी तुम्हाला माहीत असेलच. एका जानेवारीत गोधडी पांघरून, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसले होते, डोळा लागला तो पहाटेच उघडला. मांडी लाल झाली होती, एवढंच. मग हिवाळाभर तेच चालू ठेवलं (ऊब बरी वाटायची, खोटं कशाला बोलू) आणि मांडीवर जाळीसारखे तपकिरी डाग उमटले. त्वचेच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, "शेगडीजवळ बसता का?" शेगडीपुढे रोज तासन्‌तास बसणाऱ्यांना होतो, तोच हा प्रकार. ४४ अंश म्हणजे हाताला नुसतं गरम लागतं, पण तेवढ्या उष्णतेतही सहाएक तासांत कातडी भाजते. बहिणीला मधुमेहामुळे पायांना बधिरपणा असेल किंवा स्टिरॉइडने कातडी पातळ झाली असेल, तर लॅपटॉप मांडीवर नकोच.

बहुतेक लॅपटॉप खालच्या फटींतून हवा ओढतात. गादीत, उशीत तो रुतला की फटी बुजतात, आतली उष्णता कोंडते आणि तिचा मार बॅटरीलाही बसतो. म्हणून खाली सपाट आणि टणक काहीतरी हवंच. मी आधी भांडी बाजारातून स्टीलचा ट्रे आणला. तो स्वतःच तापून मांडीला चटके देऊ लागला. मग देवघरातला पाट उचलला, तर आई म्हणाली, "देवाचा पाट अंथरुणात? अगं, काय हे!" शेवटी सुताराकडून प्लायचं बुटकं टेबल करून घेतलं, मांड्यांवरून आडवं बसेल आणि खाली चार बोटं मोकळी राहतील असं. लॅपटॉपच्या मागच्या बाजूला बाटलीची दोन झाकणं ठेवते, हवा खेळती राहते. पंखेवाला कूलिंग पॅड घेतलात तरी हरकत नाही, पण टेबल आधी.

चार्जरचा ठोकळा उशीखाली किंवा पांघरुणात कधीच नको, तो फरशीवर राहू दे. मी जागी असतानाच चार्ज करते आणि झोपायच्या आधी पिन काढते. बटण पलंगावरून हाताला येईल असं हवं, नाहीतर काढायचा कंटाळा येतो. झाकण मिटलं म्हणजे लॅपटॉप झोपलाच असं नाही, काही आत चालूच राहतात. त्यामुळे रात्री बंद करून टेबलावर. घरात ऑक्सिजन लावलेला असेल तर चार्जिंग त्या पलंगाजवळ करूच नका. ऑक्सिजन अंथरुणात मुरतो आणि ठिणगी पडली तर कापड भसकन पेटतं. पेसमेकर असेल तर लॅपटॉप छातीवर टेकवू नका, त्यात चुंबक असतात.

टचपॅड वर उचलल्यासारखा दिसला किंवा लॅपटॉप सपाट बसेना, तर बॅटरी फुगली समजा. चार्जिंग तिथेच थांबवायचं, दाबून बघायचं नाही, दुकानात न्यायचा. धूर किंवा उग्र वास आला तर लॅपटॉप वाचवायला जाऊ नये, आधी बहिणीला खोलीबाहेर काढा. तिला एकटीला उठता येत नसेल तर हाक मारली की कुणी येईल अशा वेळीच चार्जिंग लावा. आमच्याकडे ती वेळ आईच्या मालिकेची, साडेसात ते नऊ.

मान-मनगटांचं वेगळं लिहावं लागेल. तूर्त एवढंच, की बोटं दुखतात तेव्हा मी मराठीत बोलून टाइप करते, ते आता बऱ्यापैकी जमतं.