फाईल अडकलीय, पोरगा वाढतोय

प्रश्न: माझ्या ९ वर्षांच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. व्हीलचेअर आणि थेरपीच्या सरकारी मदतीसाठी अर्ज करून ११ महिने झाले. फोन केला की दर वेळी नवीन माणूस आणि उत्तर तेच, "प्रोसेसमध्ये आहे". जास्त मागे लागले तर फाईल मुद्दाम खाली टाकतील अशी भीतीपण वाटते. काय करू?

उत्तर: ताई, ती भीती मलापण होती. आईच्या अर्जाच्या वेळी मी ८ महिने गप्प बसलो, म्हटलं उगाच कशाला कोणाला दुखवा, आणि नंतर कळलं की एका रिपोर्टवर डॉक्टरांची सही राहिली होती आणि ते सांगणारं पत्र आमच्या जुन्या पत्त्यावर गेलं होतं. म्हणजे ८ महिने फाईलला कोणी हातच लावला नव्हता.

म्हणून "कधी होणार" विचारूच नका, त्याला "लवकरच" शिवाय उत्तर नसतं. विचारायचं ते हे, की फाईल आत्ता कुठल्या टप्प्यावर आहे, माझ्याकडून कुठला कागद यायचाय, आणि तुम्ही अर्ज 'पूर्ण' कधीपासून धरलाय? शेवटचं नीट लक्षात घ्या, कारण बऱ्याच योजनांत निर्णयाची मुदत अर्ज दिला त्या दिवसापासून मोजत नाहीत, सगळे कागद पोचले असं त्यांनी मानलं तिथून मोजतात, आणि मधेच एखादा कागद मागितला की मोजणी थांबते. फोन झाला की त्याच दिवशी ईमेल टाका, "आज अमक्यांशी बोलणं झालं, त्यांनी हे सांगितलं", अर्ज नंबरासकट. मग पुढच्या वेळी फोनवर कोणीही असू दे, झालेलं बोलणं लेखी राहतं.

आता खरी अडचण, जी फोनवरच्या माणसाच्या डोक्यात येणारच नाही. तुमचा मुलगा वाढतोय. सीटची रुंदी, खोली, फूटरेस्टची उंची ही सगळी मापं ११ महिन्यांपूर्वीची आहेत, उद्या मंजुरी आली तरी ती जुन्या मापाच्या खुर्चीला येईल आणि परत पहिल्यापासून सगळं. तेव्हा थेरपिस्टकडून नव्याने मापं घ्या आणि एका पानाचं पत्र मागा, "परिस्थिती बदलली आहे, प्राधान्याने निर्णय व्हावा" असं. त्यात आजाराचं नाव एकदाच पुरे. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये आणलेलं अपंगत्वाचं वर्गीकरणसुद्धा नुसत्या निदानावर थांबत नाही, माणूस रोजच्या जगण्यात काय करू शकतो, काय नाही, हे बघतं. "चालता येत नाही" एवढ्यावर थांबू नका. "खुर्चीत बसवायला दोघं लागतात, २० मिनिटांत उजवीकडे कलतो, मांडीवर वळ उठतो" असं लिहा. आठवडाभर रोज दोन ओळींची नोंद ठेवलीत तर हे आपोआप जमेल.

एवढं करूनही हाललं नाही तर तक्रार. इथे लोक गोंधळतात, अपील हे निर्णयाविरुद्ध असतं आणि तुमचा निर्णय तर झालाच नाहीये, तुम्हाला उशिराची तक्रार करायचीय. आधी त्याच खात्याच्या तक्रार विभागात करा, मग लोकपाल किंवा ओम्बड्समनकडे, म्हणजे खात्यांच्या कारभाराविरुद्धच्या तक्रारी बघणाऱ्या स्वतंत्र अधिकाऱ्याकडे (ओम्बड्समन हा शब्द स्वीडिश आहे, तिथे हे पद १८०९ पासून आहे, म्हणजे खात्यांचा ढिसाळपणा काही आजचा नाही). पहिल्या तक्रारीची पोचपावती जपून ठेवा, पुढे ती लागतेच.

प्रश्न: मंजुरीची वाट न बघता उसने पैसे घेऊन बहिणीसाठी केअरटेकर ठेवली. हे पैसे नंतर मिळतील ना?

उत्तर: दादा, धरून चालू नका. काही योजना अर्जाच्या तारखेपासूनची रक्कम देतात, काही मंजुरीआधी केलेल्या खर्चाचा एक पैसा देत नाहीत. आजच लेखी विचारा, आणि तात्पुरती मदत मिळते का तेही त्याच पत्रात विचारा, आपणहून सहसा कोणी सांगत नाही. पावत्या फेकू नका.

प्रश्न: सारखं मागत राहायची लाज वाटते हो.

उत्तर: अपंग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार २००६ चा आहे, त्यातलं २८ वं कलम सामाजिक संरक्षणाला हक्क म्हणतं. पुढच्या पत्रात "कृपया मदत करावी" च्या जागी "माझ्या अर्जावर निर्णय कळवावा" लिहून बघा. आणि फोनची पाळी भावाला किंवा मैत्रिणीला द्या एखादा महिना, फक्त तुमच्या वतीने बोलायचं संमतीपत्र आधी देऊन ठेवा, नाहीतर त्यांच्याशी बोलणारच नाहीत.