आणखी वेळ मागण्याआधी

प्रिय,

तुझी मेल मिळाली, नकाशाही उघडून पाहिला. जीएमआरटी या आपल्या रेडिओ दुर्बिणीतून 150 मेगाहर्ट्झवर काढलेला तुझा आकाशाचा पहिलाच नकाशा इतका स्वच्छ आला, याचं मनापासून कौतुक वाटलं. आता मुद्द्याचं. तुझ्या यादीत 312 सोर्स, म्हणजे रेडिओ लहरी पाठवणारे आकाशातले ठिपके, आहेत, त्यांतले 41 आधीच्या कुठल्याच कॅटलॉगमध्ये, म्हणजे प्रसिद्ध यादीत, सापडत नाहीत, तर खात्री करून घ्यायला दुर्बिणीवर आणखी दहा तास मागावेत का, असं तू विचारलंयस. मागू नकोस. का, ते एका ओळीत सांगितलं तर तुला पटणार नाही, आणि पटूही नये. म्हणून जरा मागे जाऊन सांगतो.

1955 साली केंब्रिजच्या मार्टिन राईल यांच्या गटाने 2सी नावाचा कॅटलॉग प्रसिद्ध केला. चार मोठ्या अँटेना, 81.5 मेगाहर्ट्झ आणि 1936 रेडिओ सोर्स. त्याआधी आकाशात असे सोर्स शेकड्यांत मोजले जात होते, त्यामुळे ही मोठीच झेप होती. राईल यांनी मोजून पाहिलं, तर तेज कमी होत जाईल तसे सोर्स अपेक्षेपेक्षा फारच भराभर वाढत होते. मंद म्हणजे बहुधा दूरचे, आणि दूरचे म्हणजे जुन्या काळातले. याचा अर्थ, विश्व पूर्वी आजच्यासारखं नव्हतं, आणि मग विश्व सदैव एकसारखंच असतं असं सांगणारा स्थिर स्थिती सिद्धांत टिकत नाही. एवढा मोठा निष्कर्ष त्या यादीवर उभा होता.

त्याच सुमारास सिडनीच्या पश्चिमेला, फ्लर्स इथे, बर्नार्ड मिल्स यांनी वेगळ्याच घाटाची दुर्बीण उभारली होती. डायपोलच्या, म्हणजे साध्या सरळ अँटेनांच्या, दोन लांबलचक रांगा, एक उत्तर-दक्षिण, दुसरी पूर्व-पश्चिम, प्रत्येकी सुमारे 450 मीटर. वरून पाहिलं तर अधिकचं चिन्ह. एकेका रांगेचा बीम, म्हणजे तिला एका वेळी दिसणारा आकाशाचा भाग, लांब पट्ट्यासारखा पडतो. दोन रांगांचे सिग्नल आधी सरळ जोडायचे, मग एकाची फेज, म्हणजे लहरीचा चढ-उतार, उलटवून जोडायचे आणि दोहोंतला फरक घ्यायचा. मग जिथे ते दोन पट्टे एकमेकांना छेदतात तेवढाच ठिपका उरतो. त्या ठिपक्याची रुंदी होती सुमारे 49 आर्कमिनिटं (आर्कमिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग), म्हणजे दीड चंद्राएवढी. आज ते ढोबळ वाटेल. पण एवढ्या कमी फ्रीक्वेन्सीवर इतका बारीक बीम मिळवायला अख्खी डिश बांधायची झाली असती, तर ती शेकडो मीटर व्यासाची लागली असती. त्याऐवजी त्यांनी डायपोल आणि तारेची जाळी वापरली. मला विचारशील तर त्या दशकातली ही सर्वांत देखणी कल्पना होती.

मिल्स आणि ब्रूस स्ली यांनी आकाशाचा दोन्हीकडून दिसणारा भाग निवडला आणि 1957 मध्ये दोन्ही याद्या शेजारी शेजारी ठेवल्या. थोडेसे ठळक सोर्स सोडले तर काहीच जुळेना. आकाश एकच होतं, वर्णनं मात्र दोन निघाली. 2सीमधले बहुतेक सोर्स, जिथे दाखवले होते तिथे नव्हतेच.

केंब्रिजचे लोक निष्काळजी नव्हते. त्यांचे रिसीव्हर उत्तम होते, आणि नेमकी तिथेच अडचण होती. रिसीव्हर इतका संवेदनशील की एका बीममध्ये तीन, चार, पाच मंद सोर्स एकाच वेळी जाणवत आणि कागदावर उंचवटा मात्र एकच उमटे. आपण याला कन्फ्यूजन म्हणतो. आता हे नीट लक्षात घे. रिसीव्हरची खरखर जास्त वेळ निरीक्षण केलं की कमी होत जाते. कन्फ्यूजन होत नाही. आकाशातले ते सोर्स आहेत तिथेच असतात आणि दर रात्री त्याच पद्धतीने मिसळतात. खोटा उंचवटा दुसऱ्या दिवशीही त्याच जागी येतो, म्हणून तो खरा वाटतो.

माझ्या पहिल्या वर्षी मी यातच अडकलो होतो. आणखी दोन रात्री मागून घेतल्या, मिळाल्याही. नकाशातली खरखर एका पातळीपर्यंत उतरली आणि तिथेच थांबली. मी कॅलिब्रेशन चार वेळा पुन्हा केलं, कारण चूक माझ्या हाताची असणार असंच वाटत होतं. त्या दोन रात्री दुसऱ्या कुणाच्या कामी आल्या असत्या, हे मला अजून बोचतं.

पुढे केंब्रिजच्या गटाने तीच दुर्बीण 159 मेगाहर्ट्झवर आणली. तरंगलांबी निम्म्यावर आल्याने बीम अरुंद झाला. त्यातून 1959 चा 3सी निघाला. सोर्स फक्त 471, पण भरवशाचे. 3सी 273 या क्वासारचं, म्हणजे अतिदूरच्या तेजस्वी आकाशगंगेच्या गाभ्याचं, नाव याच यादीतून आलं. मोजणीचा वाद मात्र चालूच राहिला. 1961 मध्ये राईल यांना उत्तर देणाऱ्यांत स्थिर स्थिती सिद्धांताचे पुरस्कर्ते फ्रेड हॉईल यांच्याबरोबर त्यांचे तरुण विद्यार्थी जयंत नारळीकरही होते. 2सीतली ती अफाट वाढ खोटी ठरली, पण सुधारलेल्या मोजणीतही थोडी वाढ शिल्लक राहिलीच, आणि विश्व बदलत आलं आहे हे राईल यांचं म्हणणं टिकलं. म्हणजे निष्कर्ष बरोबर, पण ज्या यादीवर तो काढला ती चूक. हे तुला अन्यायाचं वाटेल. मला तरी मिल्स आणि स्ली यांच्या त्या तुलनेचं मोल जास्त वाटतं.

आपल्याकडेही रेडिओ दुर्बिणींची सुरुवात तू रोज लोकलने जातेस त्या कल्याणजवळच झाली. गोविंद स्वरूप यांनी 1965 मध्ये तिथे सूर्य पाहण्यासाठी 32 डिशचा ॲरे, म्हणजे एकत्र जोडलेला संच, उभारला. त्या डिश सिडनीच्या पॉट्स हिलवरून आलेल्या, माणसाच्या उंचीएवढ्या. डिश लहान, पण पूर्व-पश्चिम रांग 630 मीटर लांब. नकाशात बारकावा येतो तो त्या लांबीतून.

आता तुझा नकाशा. प्रोसेसिंग लवकर व्हावं म्हणून तू फक्त सेंट्रल स्क्वेअरच्या, म्हणजे दुर्बिणीच्या मधल्या भागातल्या, अँटेना घेतल्यास. तिथे सगळ्या डिश साधारण एका किलोमीटरात आहेत, म्हणजे 150 मेगाहर्ट्झवर बीम जवळपास सात आर्कमिनिटांचा. यादीतला 17 क्रमांकाचा सोर्स पाहा, खाली डाव्या कोपऱ्यातला. बीम गोल आहे, तरी तो ठिपका एका बाजूला सुजल्यासारखा दिसतो. मी तीच जागा टीजीएसएस या आकाश सर्वेक्षणाच्या नकाशात उघडली. तोही जीएमआरटीचाच, याच फ्रीक्वेन्सीवरचा, पण बीम 25 आर्कसेकंदांचा, म्हणजे अर्ध्या आर्कमिनिटाहूनही कमी. तू दिलेल्या जागी तिथे काहीही नाही. पण तिच्या आजूबाजूला, दोन-तीन आर्कमिनिटांवर, तीन मंद सोर्स आहेत. तुझा 17 क्रमांक म्हणजे त्या तिघांमधली रिकामी जागा आहे.

उरलेल्या 40 चं काय होतं ते तूच बघ. दुर्बिणीच्या वाय आकाराच्या तिन्ही भुजांवरच्या अँटेनांचा डेटा तुझ्याकडे आहेच, त्याच रात्रीचा, 25 किलोमीटरपर्यंतच्या बेसलाइनचा (दोन अँटेनांमधल्या अंतराचा). तो घालून नकाशा पुन्हा काढ. वेळ लागेल, मशीन रात्रभर चालेल. जुनी यादी पुसू नकोस, नवी तिच्या शेजारी ठेव आणि प्रत्येक क्रमांकापुढे लिही: तुटला, सरकला, की तसाच राहिला. तसेच राहिलेले घेऊन ये, मग दुर्बिणीच्या वेळेचा अर्ज आपण दोघं मिळून लिहू.