इंडक्शन शेगडी वारंवार बिघडू नये म्हणून काय काळजी घ्यावी? काच कशाने पुसावी?

काच पुसणं सोपं आहे. शेगडी गार झाली की ओलं मऊ फडकं आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब पुरतो. दूध उतू जाऊन करपलं असेल तर डागावर थोडा व्हिनेगर टाकून पाच मिनिटं थांबा. तारेची घासणी लावू नका, तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका.

बिघडण्याचं मात्र सविस्तर सांगते, कारण आमच्या घरात यावरून वर्षानुवर्षं वाद आहे. इस्लामपूरला थोरल्या भाऊजींकडे दोन हजार वॅटची शेगडी घेतली. तिची पिन जाड, सोळा अँपियरची. स्वयंपाकघरात तसं सॉकेटच नव्हतं, म्हणून भाऊजींनी कन्व्हर्टर लावून ती एक्स्टेंशन बोर्डावर चढवली, शेजारी मिक्सर. महालक्ष्म्यांच्या जेवणाला घर भरलेलं, वर डाळीचं मोठं पातेलं, आणि जळक्या प्लास्टिकचा वास सुटला. मी पिन उपसली तर एक दांडी काळी पडलेली आणि बोर्डाचं भोक वितळून लांबट झालेलं. भाऊजींनी सगळ्यांसमोर निकाल दिला, "इंडक्शन म्हणजे नाजूक काम, आपल्या घरात टिकायचं नाही." तेव्हापासून प्रत्येक कार्याला हेच ऐकते.

शेगडीचा काय दोष? दोन हजार वॅट भागिले २३० व्होल्ट, म्हणजे जवळजवळ ९ अँपियर. साधं सॉकेट ६ अँपियरचं. सांगलीला आमच्याकडे वायरमनकडून जाड वायर ओढून स्वतंत्र सोळा अँपियरचा पॉइंट करून घेतला. त्यावर माझी शेगडी रोज चालते, एकदाही उघडावी लागलेली नाही.

दुसरं, स्वयंपाक झाला की भिंतीवरचं बटण लगेच बंद करायचं नाही. आतला पंखा थांबेपर्यंत थांबा, तो आतली गरमी बाहेर टाकत असतो. शेगडी भिंतीला चिकटवून किंवा प्लास्टिकच्या टेबलक्लॉथवर ठेवली की खालची जाळी कोंडते. जाळीतून झुरळं आत जातात तेही बघा. व्होल्टेज खालीवर होत असेल तर तेवढा वेळ वापरूच नका.

भांड्याच्या बुडाला लोहचुंबक चिकटला तरच ते चालणार. ॲल्युमिनियमचा साधा कुकर आणि तांब्याचं भांडं बाद. लोखंडी तवा चालतो, पण बूड सपाट हवं. भाकरी मात्र गॅसवरच करा. शेवटी जाळावर टाकून फुगवायची असते, आणि इथे जाळच नाही. एवढं भाऊजींचं मला मान्य आहे.

"बिल वाढतं" हे मान्य नाही. लिटरभर पाणी उकळायला साधारण ०.१ युनिट लागतं. हिशोब मांडा आणि मग बोला.

आणि हो, घरात कुणाला पेसमेकर बसवला असेल तर शेगडी घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. हे खरं तर आधी लिहायला हवं होतं.