साग विकताय? झाड आडवं करायच्या आधी एवढं वाचा

दादा, तुमची पोस्ट काल रात्री दोनदा वाचली. औंढ्याकडचं रान, धुऱ्यावर म्हणजे बांधावर वडिलांनी लावलेले तीसेक साग, पोरगा बारावीनंतर वनशास्त्राला जायचं म्हणतोय, फीसाठी पैसा पाहिजे, आणि व्यापारी इसार (सौद्याचे आगाऊ पैसे) घेऊन ओसरीवर बसलाय. ‘परमिशनचं मी बघतो, तुम्ही फक्त सही करा’ असं तो म्हणाला, हे तुम्ही शेवटी लिहिलंय. याच वाक्यावर मी 2017 साली सही केली होती, म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

सातबारा, आठ-अ, अर्ज, पंचनामा हे तुम्हाला माहीतच असेल, त्यात शिरत नाही. साग हा महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, 1964 च्या अनुसूचीत आहे. आंबा, चिंच, मोह, जांभूळ, खैर, चंदन हीही त्याच यादीत. स्वतःच्या वावरातला असला तरी परवानगीशिवाय कुऱ्हाड लावायची नाही. हे सगळ्यांना ठाऊक असतं. पुढचं नसतं.

तोडायची परवानगी वेगळी आणि न्यायची वेगळी. तोडलेल्या मालाची नगवार यादी होते, प्रत्येक ओंडक्याची लांबी-गोलाई लिहितात, हातोड्याचा शिक्का बसतो आणि मग वाहतुकीचा पास मिळतो. पास नसेल तर लाकूड तुमचं असूनही गाडीत चढत नाही. मी तोडीचा कागद हातात आला की सगळं झालं असं समजलो. व्यापारी म्हणाला, पास काय, आठ दिवसांत येतो. फेब्रुवारीत एका दमात 41 झाडं पाडली. पास आला पुढच्या एप्रिलात. चौदा महिने.

का, ते सांगतो. आमची वाटणी 2009 ला झाली. गटाची फोड होऊन 118/1 माझ्याकडे, 118/2 थोरल्या भावाकडे. झाडं वडिलांनी 1991 साली लावलेली, तेव्हा सगळं रान एकच. वाटणीत धुरा माझा असं तोंडी ठरलं होतं, म्हणून अर्जात सगळी झाडं 118/1 मध्ये दाखवली. सातबाऱ्यावर नोंदही तशीच. पासाच्या वेळी वनखात्याची माणसं थुटं (तोडलेल्या झाडांचे जमिनीत उरलेले बुंधे) मोजायला आली तेव्हा निघालं, की 11 थुटं नकाशाप्रमाणे 118/2 मध्ये पडतात. झालं, 11 झाडांपायी 41 झाडांचा माल अडकला.

आता वनखात्याच्या त्या कार्यालयाबद्दल. नाव घेत नाही, नाव घेऊन काही होत नाही. पण एक सांगा, माणसाला सगळ्या त्रुटी एका कागदावर लिहून द्यायला काय जातं? पहिल्या खेपेला म्हणाले मोजणीचा नकाशा आणा. मोजणी मागितली, फी भरली, तारीख मिळाली, नकाशा आणला. मग म्हणाले भावाची संमती आणा. मग म्हणाले संमतीवर साक्षीदारांच्या सह्या नाहीत. मग ज्यांच्या टेबलावर फाईल होती त्यांची बदली झाली आणि नव्या साहेबांनी पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतली. दर वेळी सत्तर किलोमीटर जाऊन-येऊन, वर एक दिवस बुडाला. एका खेपेला दुपारी चारपर्यंत बाकावर बसलो, आणि उत्तर मिळालं, ‘आज मीटिंग आहे, सोमवारी या.’ ते सकाळी दहालाही माहीत होतंच की!

पण खरं सांगायचं तर चौदातले पाच महिने त्यांच्या खात्यावर टाकता येणार नाहीत. ते माझे आहेत. भावाशी तेव्हा बोलणं बंद होतं, आणि संमती मागायला त्याच्या दारात कसं जायचं म्हणून मी पाच महिने काढले. शेवटी पुतण्या मधे पडला. भावाने चष्मा शोधला आणि सही केली, एक मिनिटसुद्धा लागला नाही.

दरम्यान लाकडाचं काय झालं ते नीट ऐका, कारण कागदाचं नुकसान दिसतं, हे दिसत नाही. उभं सागाचं झाड काही मागत नाही, उलट दरवर्षी गोलाई वाढवतं. आडवं झालं की उलटी गिनती सुरू. मार्च ते मे आमच्याकडचं ऊन तुम्हाला सांगायला नको. ओंडक्याचं पाणी मधल्या भागापेक्षा कापलेल्या तोंडातून लवकर उडतं, तोंड आकसतं आणि गाभ्यापासून चांदणीसारख्या फाटी निघतात. जूनपर्यंत माझ्या ओंडक्यांच्या तोंडात बोट जाईल एवढ्या फाटी होत्या. मिलवाल्याने दोन्हीकडून फूट-फूट छाटला, दहा फुटी ओंडका आठ फुटी झाला. पावसाळ्यात जमिनीला टेकलेल्या बाजूने वाळवी आली. सागाचा लालसर गाभा तेलकट असतो, त्याला वाळवी सहसा शिवत नाही. पण सालीखालचं पांढरं लाकूड कोणाचंही खाद्य. शेतातल्या आखाड्यावर बसलं की ओंडक्यांखाली पोखरणाऱ्या किड्यांचा पिठासारखा भुसा पडलेला दिसायचा. पंचवीस वर्षांच्या झाडात पांढऱ्याचा वाटा काही थोडा नसतो.

तेव्हा कोणी सांगितलं असतं की तोंडांना डांबर नाहीतर जाड ऑइलपेंट फासा, ओंडके दगडांवर उचलून ठेवा, सावली करा, तर निम्मं वाचलं असतं. (साल काढायची की ठेवायची यावर दोन सुतारांचं एकमत होत नाही, मी त्या भांडणात पडत नाही.)

व्यापाऱ्याने मग माल ‘खराब’ म्हणून भाव पाडला. करार उक्ता, म्हणजे सगळ्या मालाचा मिळून एकच आकडा असा होता, मोजमापाचा शब्द कुठे नव्हता. म्हणून दुसरी गोष्ट: उक्ते सौदे करू नका. घनफुटावर करा, आणि मोजमाप कसं होणार ते आधी लिहून घ्या.

आमच्याकडे ओंडका सुतळीने मोजतात. मधोमध सुतळी गुंडाळायची, ती चार पदरी दुमडायची, जेवढे इंच भरतील त्यांचा वर्ग करायचा, फुटातल्या लांबीने गुणायचं आणि 144 ने भागायचं. 36 इंच गोलाई, 10 फूट लांबी धरा. सुतळी चौपदरी 9 इंच, 81 गुणिले 10, भागिले 144, म्हणजे 5.6 घनफूट. खऱ्या गोल ओंडक्याचं माप काढलं तर ते 7.16 येतं. म्हणजे या पद्धतीत मुळातच पाचवा हिस्सा कमी धरतात. ही लबाडी नाही, जुनी रीत आहे, कापताना तेवढं वाया जातं असं धरून. भाव त्याच मापावर बोललेला असला म्हणजे झालं. लबाडी पुढे होते: ‘सालीचे दोन इंच सोडा’ म्हणून 36 चे 34 करायचे. तेवढ्यानेच 5.6 चे 5.0 होतात. इंच दोन गेले आणि दहावा हिस्सा उडाला, कारण वर्ग होतो ना! साल सोडायचीच तर त्या जागी सोलून मोजा म्हणावं.

भाव मला विचारू नका. गोलाई, सरळपणा, गाठी, गाभा आणि गाव, सगळ्यावर तो फिरतो. एवढं मात्र नक्की, जाड ओंडक्याचा घनफूट बारीक ओंडक्याच्या घनफुटापेक्षा महाग जातो. म्हणून फीपुरतीच तोडा. तुमच्या तीसमधली सात-आठ सरळ, जाड झाडं पहिल्या वर्षाला, बाकीची धुऱ्यावर राहू द्या. फक्त परवानगीत तेवढीच झाडं नंबर टाकून घ्या.

सातबाऱ्यावरची झाडांची नोंद आणि नकाशावरची जागा दोन्ही जुळतात का, ते अर्जाच्या आधी बघा. वाटणी झालेली असेल तर दुप्पट बघा. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात ‘वन’ असा शब्द दिसला तर तिथेच थांबून वकील गाठा, कारण सर्वोच्च न्यायालयाच्या 12 डिसेंबर 1996 च्या गोदावर्मन आदेशापासून, सरकारी नोंदीत जे वन आहे ते मालकी कोणाचीही असली तरी वन धरतात. खातेदार आदिवासी असेल तर झाडांच्या विक्रीसाठी 1969 चा वेगळा कायदा आहे. किनवट-माहूरकडच्या लोकांनी तो विसरू नये. आता वाहतूक पासासाठी देशपातळीवर ऑनलाइन प्रणालीही आली आहे, माझ्या वेळी नव्हती. मी वकील नाही, माझा अनुभव जुना, त्यामुळे माझ्या शब्दावर कुऱ्हाड उचलू नका, आधी विचारा. आणि काय काय लागेल ते लेखी मागा. तोंडी उत्तर मिळालं तर पोच घेऊन अर्ज टाका.

पोराबद्दल. शिकू द्या, पण डोळे उघडे ठेवून. वनशास्त्राची पदवी चार वर्षांची, आपल्या राज्यात दापोली आणि अकोला ही नावं आधी येतात. आपल्या मराठवाड्यातलं लेकरू दापोलीला गेलं की पहिला पावसाळा त्याला जड जातो, ते असो. ही पदवी घेतली की वनखात्यात खुर्ची मिळते असा गैरसमज गावोगाव आहे. सहायक वनसंरक्षक आणि वनक्षेत्रपाल या जागा लोकसेवा आयोगाच्या परीक्षेने भरतात, तिथे विज्ञान, कृषी, अभियांत्रिकीचे पदवीधरही बसतात. भारतीय वनसेवा तर यूपीएससीची, पूर्वपरीक्षा आयएएसवाल्यांबरोबर, आणि पुढे पुरुषांना चार तासांत 25 किलोमीटर चालून दाखवावं लागतं. वनरक्षक बारावीवर होता येतं, त्यात धावणं आहे, पुरुषांना 5 किलोमीटर. विषयांची अट जाहिरातीत नीट वाचा.

माझा पुतण्या, सहीसाठी मधे पडलेला तोच, आज वनरक्षक आहे. फाल्गुनात वणवा लागला की रात्र-रात्र झाडाच्या डहाळ्यांनी आग झोडत असतो. बीटवर, म्हणजे त्याच्या राखणीच्या जंगलात, पाण्याची बाटली आणि काठी, एवढंच. त्याला विचारलं, तुमच्या खात्याने तुझ्या काकाला चौदा महिने घुमवलं, काय म्हणतोस? तो म्हणाला, ‘काका, तुम्ही नकाशा बघितला असता तर तीन महिन्यांत झालं असतं.’ राग आला, पण खोटं नव्हतं.

खात्याबाहेरचं कामही पोराला दाखवा. रोपवाटिका, सॉ-मिल, फर्निचरचा माल पारखणं, शेतातल्या झाडांचं मोजमाप. झाडाकडे बघून गाभा किती निघेल हे सांगणारा माणूस आमच्या तालुक्यात एकच म्हातारा सुतार उरलाय. बाभळीची तिफण, धावड्याचा दांडा हे त्याच्याबरोबर जाईल. परवा आमच्या शेजाऱ्याने आजोबांच्या वेळचा कडुनिंब वीटभट्टीला दिला, सरपणाच्या भावात! त्यातून चौकटी निघाल्या असत्या हे त्याला सांगणारं कोणी नव्हतं. आणि ‘दहा वर्षांत सागातून कोट्यधीश’ छापाची पत्रकं पुन्हा फिरायला लागलीत, त्यांच्या नादी लागू नका. 1990 च्या दशकात अशा लागवड कंपन्यांत कितीजणांचे पैसे बुडाले, तेव्हा कुठे 1999 ला सेबीने सामूहिक गुंतवणुकीचे नियम आणले.

तुमच्या झाडांची गोलाई छातीच्या उंचीवर, जमिनीपासून साडेचार फुटांवर मोजून इथे टाका, सालीसकट मोजली की सोलून तेही लिहा. आणि धुरा कोणाच्या गटात आहे ते आधी सांगा. इसार अजून घेतला नसेल तर घेऊ नका. घेतला असेल तर किती आणि कागदावर काय लिहिलंय, ते नाव झाकून टाका, बघतो.