कॉम्प्युटर कट्टा : जानेवारीत चालला, मे महिन्यात का पडला?

प्रश्न : दादा नमस्कार. मी फोंड्याजवळच्या गावात राहतो, इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. माझ्याकडे रायझन ५ ५६००एक्स प्रोसेसर आहे, बी५५० मदरबोर्ड, एका पंख्याचा साधा टॉवर कूलर, १६ जीबी रॅम. जानेवारीत बायोसमधून (मशीन सुरू होतानाचं मूळ सेटिंग) सगळे सहा कोर ४.६ गिगाहर्ट्झला फिक्स केले, म्हणजे ओव्हरक्लॉक, कंपनीच्या सेटिंगपेक्षा जास्त वेग, आणि व्होल्टेज १.३५ दिलं. आधी फुल लोडवर ४.३ च्या आसपास चालायचा, व्होल्टेज १.२ दिसायचं. सिनेबेंच (प्रोसेसर ताणून बघणारी टेस्ट) दहा मिनिटं पास झालं, टेंपरेचर ७८ होतं, गेमपण मस्त चालल्या म्हणून तसंच ठेवलं. आता मे महिन्यात आमच्या गावच्या काल्याच्या नाटकाचं रेकॉर्डिंग एक्सपोर्ट करायला घेतलं, पावणेतीन तासांचं आहे, तर अर्ध्यावर जातं आणि निळी स्क्रीन येते, कधी सरळ रीस्टार्ट होतो. एकदा पूर्ण झालं पण मध्ये दोन ठिकाणी हिरवे चौकोन आले. मित्र म्हणतो व्होल्टेज १.४ कर. करू का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : नको करू. आधी बायोसमध्ये जा, सगळं डिफॉल्टला आण आणि तेच नाटक परत एक्सपोर्टला लाव, बाकी गोष्टी नंतर. डिफॉल्टवर ते नीट पार पडलं तर दोष तुझ्या ४.६ चा आहे हे पक्कं, आणि डिफॉल्टवरपण पडलं तर मग रॅम, एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) बघायला लागतील, प्रोसेसरच्या मागे लागून उपयोग नाही.

मला स्वतःला वाटतं दोष ४.६ चाच आहे. तुझं ७८ हे जानेवारीतल्या रात्रीचं ७८ आहे रे. तेव्हा खोलीत २०-२२ डिग्री असणार, आता मे महिन्यात दुपारी स्लॅबखालच्या खोलीत ३४ तरी असेलच. कूलर काही थंडी तयार करत नाही, तो प्रोसेसरची उष्णता खोलीतल्या हवेत टाकतो, म्हणजे हवा बारा डिग्री गरम झाली की प्रोसेसरपण साधारण तेवढाच वर जातो. ७८ चे ९० झाले, आणि ते दहा मिनिटांसाठी नाही, तासभर. या प्रोसेसरची मर्यादा ९५ आहे. सिलिकॉन तापलं की आतले ट्रान्झिस्टर ढिले पडतात, त्याच वेगाला जास्त व्होल्टेज मागतात, त्यामुळे ७८ ला ज्या १.३५ वर गाडी व्यवस्थित धावत होती तिथेच ९० ला ती अडखळते.

आता मित्राचं १.४. व्होल्टेज वाढवलं की उष्णता नुसती तेवढीच वाढत नाही, ती व्होल्टेजच्या वर्गाने वाढते, आणि वेगाच्या पटीत आणखी. तुझेच आकडे घे, १.२ वरून १.३५ म्हणजे व्होल्टेज साडेबारा टक्के वाढलं, वर्ग केला की २६-२७ टक्के, त्यात ४.३ चे ४.६ झाले ते ७ टक्के, सगळं मिळून ३५ टक्के जास्त उष्णता त्या एका पंख्याच्या कूलरवर टाकली आहेस. १.४ केलंस तर तो एक्सपोर्ट कदाचित पाच मिनिटं जास्त टिकेल आणि मग जास्त तापून पडेल. शिवाय जास्त व्होल्टेज आणि जास्त तापमान दोन्ही मिळून चिपमधले बारीक मार्ग हळूहळू झिजवतात, आणि ओव्हरक्लॉकमुळे झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही हेही लक्षात ठेव.

आणि मिळवलंस काय? हिशोब कर, एक तासाचं काम ७ टक्के जास्त वेगाने केलं तर ५६ मिनिटांत होतं. चार मिनिटं. एका कोरवरच्या कामात तर काहीच नाही, कारण ५६००एक्स कंपनीच्या सेटिंगवरच एक-दोन कोर ४.६ पर्यंत स्वतःहून नेतो. १९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००ए प्रोसेसर यायचा, त्याची बस (बाकीच्या भागांशी जोडणारा मार्ग) ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केली की ३०० चा सरळ ४५० मेगाहर्ट्झ व्हायचा, दीडपट वेग फुकटात. तेव्हा कंपन्या एवढी जागा शिल्लक ठेवायच्या. आता ती जागा बूस्टच, म्हणजे प्रोसेसर स्वतःहून वाढवतो तो वेगच, खाऊन टाकतो.

मला सगळ्यात जास्त काळजी त्या हिरव्या चौकोनांची वाटते. निळी स्क्रीन आली तर निदान कळतं तरी. चौकोन म्हणजे प्रोसेसरने (किंवा रॅमने) गणित चुकवलं आणि काही न बोलता पुढे गेला. मी एकदा रॅमचा स्पीड ताणून ठेवला होता, मशीन महिनोन्महिने एकदाही पडली नाही, त्याच काळात घरच्या फोटोंची झिप करून ठेवली, सहा महिन्यांनी उघडायला गेलो तर सीआरसी एरर, म्हणजे फाईल आतून बिघडलेली, दोन लग्नांचे फोटो गेले ते गेलेच. तेव्हापासून मी स्टेबल हा शब्द फार जपून वापरतो. गावातल्या लोकांनी रात्र रात्र जागून केलेलं नाटक आहे, ते परत होणार नाही, तेव्हा या सेटिंगवर केलेली एकही फाईल अंतिम धरू नको आणि मूळ रेकॉर्डिंग कॅमेऱ्याच्या कार्डावरून अजून पुसू नको.

डिफॉल्टवर नाटक एक्सपोर्ट होत असेल तोवर विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडून सिस्टीमच्या नोंदी बघ. डब्ल्यूएचईए-लॉगर नावाची १८ नंबरची नोंद दिसली तर ती हार्डवेअरनेच केलेली तक्रार असते, त्यात कुठल्या कोरवर झालं त्याचा आयडीपण असतो, तोच आयडी परत परत आला की तो एक कोर कच्चा. कर्नल-पॉवर ४१ ही नोंद दिसेल त्यावरून मात्र घाई करू नको, ती फक्त एवढंच सांगते की मशीन नीट बंद न होता गेली. आपल्याकडे पाऊस तोंडावर आला की एक वीज चमकते आणि करंट क्षणभर जाऊन येतो, त्याचीपण तीच ४१ पडते. म्हणून ज्या वेळी मशीन पडली त्याच वेळी घरातला पंखा-दिवा लुकलुकला का हे आठव, आणि मशीन युपीएसवर नसेल तर टेस्ट करायच्या आधी ती जोड, नाहीतर वीज खात्याचा दोष प्रोसेसरच्या माथी मारशील.

एवढं करूनही थोडा वेग हवाच असेल तर फिक्स ४.६ चा नाद सोड आणि बायोसच्या पीबीओमधला (एएमडीचं बूस्ट वाढवायचं सेटिंग) कर्व्ह ऑप्टिमायझर वापर. यात वेग-व्होल्टेजचा पूर्ण आलेख खाली सरकवायचा असतो, म्हणजे त्याच वेगाला कमी व्होल्टेज, म्हणून उष्णता कमी, म्हणून बूस्ट जास्त वेळ टिकतो. गोव्याच्या हवेत मला हाच मार्ग पटतो. सगळ्या कोरना मायनस १० पासून सुरू कर, दोन-तीन दिवस वापर, मग मायनस १५. मायनस ३० पर्यंत जाता येतं पण प्रत्येक चिप तिथे टिकत नाही, आणि जे कोर सगळ्यात चांगले असतात त्यांनाच बहुतेक वेळा कमी मायनस सोसतो. यातली एक खोच अशी की कर्व्ह कच्चा असेल तर मशीन फुल लोडवर पडत नाही, तू नुसता ब्राउझर उघडून बसलेला असताना पडते, कारण हलक्या कामातच एकटा कोर सगळ्यात वर उडी मारतो. त्यामुळे फक्त प्राइम९५ (सगळे कोर एकदम ताणणारी टेस्ट) लावून झालं असं समजू नको, एकेक कोर आळीपाळीने ताणणारी कोअरसायकलर लाव आणि रात्रभर चालू दे.

एका वेळी एकच गोष्ट बदल. रॅमचं एक्सएमपी (रॅम तिच्या जाहीर वेगाला चालवणारं सेटिंग), कर्व्ह, पंख्यांचं सेटिंग सगळं एकाच संध्याकाळी हलवलंस तर पडल्यावर कुणाला धरणार? एक्सएमपी लावलंस की मेमटेस्ट८६ या रॅमच्या टेस्टच्या चारही फेऱ्या होऊ देत, एकपण चूक चालत नाही. चुकून असं सेटिंग झालं की स्क्रीनच येत नाही, तर घाबरू नको, मशीन बंद करून वायर काढ, बोर्डावरचा चपटा सेल काही मिनिटं बाहेर ठेव, बायोस मूळ पदावर येतो.

आणि शेवटची टेस्ट दुपारी दोन वाजता, एसी नसलेल्या खोलीत, कॅबिनेट बंद करून, तुझ्याच नाटकाची. एचडब्ल्यूइन्फो (तापमान दाखवणारा प्रोग्राम) बाजूला उघडा ठेव. ८५ च्या खाली राहिलं आणि फाईलमध्ये एकही चौकोन नसला की मग ठेव ते सेटिंग.

प्रश्न : दादा, आमचं घर मोरजीला किनाऱ्याजवळ आहे. जुना आय५-३४७० आहे, एच६१ बोर्ड. मुलगा म्हणतो बेस क्लॉक वाढवून ओव्हरक्लॉक करूया. मशीन फार स्लो झाली आहे हे मात्र खरं. करू द्यावं का?
– एक शिक्षिका, पेडणे

उत्तर : ताई, नका करू देऊ. प्रोसेसरचा वेग म्हणजे बेस क्लॉक गुणिले गुणक. त्या बोर्डावर गुणक वाढवता येत नाही, आणि बेस क्लॉक १०० मेगाहर्ट्झवरून हलवला की त्याच घड्याळावर चालणारी हार्डडिस्कची जोडणीपण हलते, तीन-चार टक्क्यांसाठी तुमचे सगळे पेपर आणि फोटो पणाला लागतील. हार्डडिस्क असेल तर काढून साटा एसएसडी बसवा, रॅमची एकच पट्टी असेल तर तसलीच दुसरी लावा, फरक त्याच दिवशी जाणवेल.

मुलाचे हात शिवशिवत असतील तर त्याला साफसफाईचं काम द्या. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेने रॅमच्या पट्टीचे सोनेरी दात काळवंडतात, पट्टी काढून ते खोडरबरने हलके पुसायचे. कूलरची जुनी पेस्ट एवढ्या वर्षांत वाळून खडू झालेली असणार, ती पुसून नवी लावायची. पावसाळ्यात मशीन आठ-आठ दिवस बंद ठेवू नका, रोज तासभर चालू राहिली की आतली ओल सुकते. एसीच्या थंड खोलीतून उचलून दमट ओसरीवर आणली तर लगेच चालू करू नका, थंड धातूवर दव धरतं, दोन तास जाऊ देत.