विद्यापीठ आलं की भागाची भरभराट होते का? दापोलीचा हिशोब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तालुक्यात विद्यापीठाचं उपकेंद्र येणार अशी चर्चा आहे, पुढारी कोट्यवधींच्या उलाढालीचं सांगताहेत, ते कितपत खरं? आणि रस्त्याकडेच्या जागेत कर्ज काढून मुलांसाठी खोल्या बांधाव्यात का? खोल्यांचं शेवटी सांगतो.

मी दापोलीला शिकलो, आता कलमांची नर्सरी चालवतो, त्यामुळे उदाहरण कोकण कृषी विद्यापीठाचंच देतो. दापोलीत कृषी महाविद्यालय १९६५ चं, विद्यापीठ १९७२ चं. म्हणजे विद्यापीठामुळे गावाचं काय होतं, हे बघायला अर्ध्या शतकाचा काळ हाताशी आहे.

पुढारी सांगतात ती उलाढाल खोटी नसते. पगार सरकारी तिजोरीतून येतात, मुलं घरून पैसे आणतात, हा पैसा दापोलीच्या दृष्टीने बाहेरूनच आलेला. पण तो गावात थांबतो किती? मेसच्या एका ताटाचा हिशोब मांडा. भाजी घाटावरून येते, कांदा-बटाटा घाटावरचा, डाळ-तेल बाहेरच्या घाऊक व्यापाऱ्याकडून, गॅस कंपनीचा. गावात राहतं ते पोळ्या लाटणाऱ्या बाईंची मजुरी, जागेचं भाडं आणि मेसवाल्याचा नफा. झेरॉक्सवाला, टपरी, रिक्षा यांचंही तसंच. बरेच प्राध्यापक आयुष्यभर पगार इथे घेतात आणि फ्लॅट पुण्याला बुक करतात. (दोष देत नाही, मुलांच्या शिक्षणासाठी मीही तेच केलं असतं.) तेव्हा 'इतके कोटी खर्च' या आकड्यातून गळती वजा करून मगच फायदा मोजायचा.

खरा फायदा या हिशोबात दिसतच नाही, आणि तो दापोली शहरात झालेलाही नाही. तो बघायला वेंगुर्ल्याला जावं लागतं. तिथलं फळ संशोधन केंद्र १९५७ चं, पुढे ते विद्यापीठाकडे आलं. १९८१ मध्ये तिथून 'वेंगुर्ला-४' ही काजूची जात आली आणि १९९७ मध्ये 'वेंगुर्ला-७'. 'वेंगुर्ला-४' ज्या दोन झाडांच्या संकरातून झाली त्यातलं एक पश्चिम बंगालकडच्या मिदनापूरचं, दुसरं वेंगुर्ला तालुक्यातल्याच वेतोऱ्याचं.

'वेंगुर्ला-७'ची बी साधारण १० ग्रॅमची, म्हणजे किलोत शंभरच्या आसपास. जुन्या रायवळ (बियांपासून आलेल्या गावठी) झाडांची बारीक बी पाच ग्रॅमची धरली तर किलोत दोनशे. कारखान्यात प्रत्येक बी कटरवर एकेक धरून फोडावी लागते. म्हणजे तेवढ्याच वजनाच्या मालाला निम्मे हात. वर गर मोठा, डब्ल्यू-१८० या प्रतीत बसणारा, म्हणजे पाउंडात जास्तीत जास्त १८० गर. त्याला दर चढा. सिंधुदुर्गातल्या आणि वर चंदगड-आजऱ्याच्या लहान प्रक्रिया उद्योगांना असा माल जवळ मिळणं म्हणजे काय, ते चालवणाऱ्यालाच विचारा.

पण जात नुसती कागदावर असून भागत नाही. बियांपासून झाड केलं तर ते आईसारखं येईलच असं नाही. म्हणून मृदुकाष्ठ कलम. दोनेक महिन्यांचं कोवळं रोप वरून छाटायचं, मधोमध चीर द्यायची, चांगल्या झाडाची तेवढ्याच जाडीची काडी (कलमकाडी) पाचरीसारखी तासून आत बसवायची, पट्टी गुंडाळायची, वर प्लॅस्टिकची टोपी. आंब्याचं कोय कलमही याच घराण्यातलं. विद्यापीठाने ही पद्धत बसवली, शिकवली, आणि ती वाडीवाडीत गेली. आज कोकणात कलमं बांधणारे कारागीर नगावर मजुरी घेतात, पावसाळ्याच्या तोंडाला गाड्या भरभरून कलमं घाटावर आणि परराज्यात जातात. यातल्या बहुतेकांनी कॉलेजची पायरी चढलेली नाही. विद्यापीठाच्या कुठल्या आकड्यात ते सापडणार?

इथे एक खोच आहे. १९९० पासून रोजगार हमीतून फळबाग लागवडीला शंभर टक्के अनुदान मिळायला लागलं. काजूच्या बागा वाढल्या त्याचं श्रेय संशोधनाचं की अनुदानाचं? माझ्या मते नुसत्या अनुदानाने डोंगरावर रायवळच लागली असती, आणि नुसत्या जातीने चार मोठे बागायतदार श्रीमंत झाले असते. एकालाच श्रेय देणारा अहवाल दिसला की तो कोणी करवून घेतला ते आधी बघा.

सगळं यशस्वी झालं असंही नाही. विद्यापीठाचा 'रत्ना' आंबा चांगला, नीलम आणि हापूसचा संकर, साका होत नाही (म्हणजे आतला गर खराब होत नाही). पण पेटीवर हापूस लिहिलेलं असल्याशिवाय गिऱ्हाईक हात लावत नाही, त्यामुळे तो मागेच राहिला. हापूस दरवर्षी यावा म्हणून विद्यापीठाने कल्टारची (झाडाला मोहोर आणणारं रसायन) शिफारस केली ती बेताच्या मात्रेची. बाग दोन-तीन वर्षांच्या कराराने घेणाऱ्यांनी मात्र ते वारेमाप घालून झाडं पिळून काढली. आणि मुंबईला जाणारी पोरं विद्यापीठाने थांबवली नाहीत. माझ्या वर्गातले बरेच जण बँकेत शेती अधिकारी झाले किंवा स्पर्धा परीक्षेत गेले.

तुमच्या उपकेंद्राबद्दल म्हणूनच एवढंच विचारा: तिथे तुमच्या भागाच्या एखाद्या प्रश्नावर काम होणार आहे का? प्रयोगशाळा, प्रक्षेत्र (प्रयोगाची शेती), कायम नेमलेली माणसं? की फक्त बाहेरच्या परीक्षार्थींचे वर्ग आणि पदवी वाटपाचं कार्यालय? पहिलं असेल तर फळ यायला वीस वर्षं धरा. दुसरं असेल तर टपरी आणि झेरॉक्सपलीकडे फार धरू नका.

आता खोल्या. मंजुरीचं पत्र निघेपर्यंत कर्ज काढू नका. चर्चेवर फक्त जमिनीचे भाव वाढतात. पत्र निघाल्यावर प्रवेशक्षमता किती आणि आवारात वसतिगृह किती जागांचं, हे दोन आकडे काढा. वर्ग रोज भरणारे आहेत की शनिवार-रविवारचे, तेही विचारा. उन्हाळ्यात आणि दिवाळीत खोल्या ओस पडतात, म्हणून हप्ता नऊ-दहा महिन्यांच्या भाड्यातून बसतो का ते बघा. बसत असेल तर आधी चारच बांधा, पाया मात्र वरच्या मजल्याचा घाला. आणि पाण्याची सोय पहिली. एप्रिल-मे मध्ये टँकर घ्यावा लागला तर नफा त्यातच जाईल.