स्कीइंगसाठी मोठे, विस्तीर्ण रिसॉर्ट निवडण्याचे फायदे-तोटे कोणते?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: आपण खारघरचे चौघे, मुले ९ आणि १३ वर्षांची, मनालीजवळच्या सोलंगला दोन दिवस स्की पायांत घालून पाहिलेले, एप्रिलच्या सुट्टीत सहा दिवस आल्प्समध्ये स्कीइंग करायचे ठरते आहे आणि प्रवास कंपनीने ‘६०० किलोमीटरचे रिसॉर्ट’ सुचवले आहे. एवढ्या मोठ्या ठिकाणी जावे, की एखादे लहान, आटोपशीर गाव निवडावे, असे आपण विचारता. मी ठाण्यात राहतो. गुलमर्गला तीन हिवाळे जाऊन स्कीइंग शिकलो आणि त्यानंतर एकदा पत्नी व मेहुणा यांच्यासह फ्रान्समधल्या त्रोआ व्हाले, म्हणजे ‘तीन दऱ्या’ या भागात सहा दिवस राहून आलो. त्यावरून माझे मत असे झाले आहे की, आपल्या बाबतीत मोठे रिसॉर्टच घ्यावे, मात्र त्याच्या विस्तारासाठी पैसे मोजू नयेत. हे विधान वरवर परस्परविरोधी वाटेल, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी त्या ६०० किलोमीटरांविषयी. तीन दऱ्यांचा हा प्रदेश कुर्शव्हेल, मेरिबेल, ले मेन्विर, व्हाल तोरांस अशा अनेक गावांचा मिळून बनलेला आहे आणि दोन दऱ्यांच्या मधल्या धारेवर दोन्ही बाजूंनी लिफ्ट, म्हणजे स्कीअरांना वर नेणारे दोरमार्ग, चढत असल्यामुळे स्की न काढता एका दरीतून दुसऱ्या दरीत उतरता येते. जाहिरातीतला आकडा हा या सगळ्या उतारांच्या लांबीची बेरीज असतो. ती बेरीज कशी करायची याचा एकच सर्वमान्य नियम नाही. काही रिसॉर्ट उताराची सरळ लांबी मोजत, तर काही स्कीअर वळणे घेत जेवढे अंतर कापतो तेवढे धरत. २०१३ च्या सुमारास क्रिस्टोफ श्राहे या जर्मन सल्लागाराने अनेक मोठ्या रिसॉर्टचे उतार स्वतः मोजले, तेव्हा बऱ्याच ठिकाणचे आकडे फुगवलेले निघाले; स्वित्झर्लंडमधल्या व्हर्बिए परिसराचे ४१२ किलोमीटर तर त्यांच्या मोजणीत निम्म्यापेक्षाही कमी भरले. अर्थात, नवशिक्याच्या दृष्टीने ६०० आणि ३०० यांत काहीच फरक नाही. पहिल्या आठवड्यात माणूस दोन-तीन लिफ्ट आणि चार-पाच उतार यांच्यातच फिरत असतो आणि तेच योग्य आहे, कारण वळण अंगात मुरण्यासाठी ओळखीचा उतार पुन्हा पुन्हा उतरावा लागतो.

मग मोठ्या रिसॉर्टचा खरा लाभ कोणता? माझ्या मते, हवामान बदलले तरी दिवस वाया जात नाही, हा. मोठ्या प्रदेशात उंचीचा पल्ला मोठा असतो आणि उतार सर्व दिशांना तोंड करून असतात. कुर्शव्हेलच्या खालच्या गावांपैकी एक सुमारे १,३०० मीटरांवर आहे, तर व्हाल तोरांस हे गावच २,३०० मीटरांवर वसलेले असून त्याच्या वरची सीम कारों ही टोकाची जागा ३,२०० मीटरांवर आहे. खाली पाऊस पडत असेल तेव्हा वर हिमवर्षाव चाललेला असतो. ऊन असेल तर सकाळी पूर्वेकडे तोंड असलेल्या उतारांवरचे रात्री गोठलेले बर्फ आधी मऊ होते आणि दुपारी ते चिखलासारखे झाले की पश्चिमेकडच्या किंवा उत्तरेकडच्या उतारांवर जाता येते. एप्रिलमध्ये तर संपूर्ण दिवसाची आखणी याच क्रमाने करतात.

धुक्याच्या दिवशी याच्या उलट करावे लागते. ज्या उंचीपलीकडे झाडे वाढत नाहीत तिच्या वर सगळीकडे पांढरेच पांढरे असते. ढग उतरला की जमीन कोठे संपते आणि आकाश कोठे सुरू होते हे कळत नाही, उतार चढता आहे की उतरता हेही डोळ्यांना सांगता येत नाही. मी पुढे सरकत असल्यासारखे वाटत होते आणि प्रत्यक्षात मी थांबलेलो होतो, हा अनुभव मी घेतला आहे व तो भीतिदायक आहे. अशा वेळी झाडांमधल्या उतारांवर जावे, कारण काळ्या खोडांमुळे नजरेला आधार मिळतो. मेरिबेल आणि कुर्शव्हेल यांच्या खालच्या भागात देवदारासारख्या सूचिपर्णी वृक्षांचे दाट जंगल आहे. व्हाल तोरांस पूर्णपणे उघडे आहे. एकच लहान, उंचावरचे गाव निवडले आणि दोन दिवस ढग बसला, तर जाण्यासाठी दुसरी जागा नसते.

आता तोट्यांकडे येतो, आणि त्यांतला मुख्य तोटा म्हणजे परतीचा प्रवास. आपण नवी मुंबईत राहता, त्यामुळे एक ओळखीचे उदाहरण देतो. ठाणे-वाशी ट्रान्स हार्बर गाडी चालू असेल तर वाशी अगदी जवळ आहे. ती बंद पडली की कुर्ल्याला वळसा घालून जावे लागते आणि तेच अंतर एकदम दूरचे होऊन बसते. दऱ्या जोडणाऱ्या लिफ्टचे हेच आहे. धारेवरची ती एक लिफ्ट वाऱ्यामुळे थांबली, किंवा तिची वेळ संपली, की डोंगरापलीकडचे आपले हॉटेल रस्त्याने गाठावे लागते. आणि डोंगरात रस्ता आधी दरीच्या तोंडापर्यंत खाली उतरतो व मग दुसऱ्या दरीत पुन्हा वर चढतो.

आमच्या बाबतीत चौथ्या दिवशी हेच झाले. आमचा मुक्काम मेरिबेलला होता आणि आम्ही सकाळी व्हाल तोरांसकडे निघालो. जाताना सगळे सोपे गेले, कारण पाय ताजे होते आणि बर्फ घट्ट होते. तेथे जेवणाला वेळ लागला, उठेपर्यंत अडीच वाजून गेले, मेहुण्याचा गुडघा दुखू लागला होता आणि प्रत्येक उतारावर आम्ही दोनदा थांबत होतो. जोडलिफ्टच्या पायथ्याशी पोहोचलो तेव्हा तिचे दार लागलेले होते. चूक संपूर्णपणे आमची होती. वेळ नकाशावर छापलेली होती आणि आम्ही ती नीट पाहिली नव्हती. स्की खांद्यावर आणि बूट पायांत अशा अवस्थेत आम्ही टॅक्सी शोधली, व्हाल तोरांस ज्या दरीत आहे ती बेलव्हिलची संपूर्ण दरी उतरून खाली मुतिये गावापर्यंत आलो आणि तेथून पुन्हा वर मेरिबेलला गेलो. तासाहून अधिक वेळ गेला आणि त्या एका फेरीला आमचा तीन दिवसांचा जेवणखर्च लागला. खर्चापेक्षाही मला आजवर लागून राहिलेली गोष्ट वेगळी आहे: थकलेल्या, दुखऱ्या पायांच्या माणसाला मी घाई करून उतारावरून पळवत होतो, आणि स्कीइंगमधले बरेच अपघात याच स्थितीत, दिवसाच्या शेवटच्या तासात होतात.

सीमा ओलांडून पसरलेल्या रिसॉर्टमध्ये हा प्रश्न आणखी मोठा होतो. स्वित्झर्लंडच्या झरमॅटहून इटलीतल्या चेर्विनियाला स्कीवरून जाता येते, पण वारा सुटून वरची लिफ्ट बंद झाली तर परतीचा रस्ता काही तासांचा असतो. इटलीच्या डोलोमाइट पर्वतातल्या सेला रोंदा या प्रसिद्ध फेरीत, लिफ्ट धरून सुमारे ४० किलोमीटरच्या त्या वर्तुळात, दोन्ही दिशांच्या वाटांना नारिंगी आणि हिरवा असे वेगळे रंग दिलेले आहेत आणि सकाळी दहाच्या आत निघून दुपारी साडेतीनपर्यंत शेवटची खिंड ओलांडावी, अशी सूचना दिली जाते. ज्यांना मध्यम प्रतीचे, म्हणजे लाल खुणेचे उतार न थांबता उतरता येतात, त्यांच्यासाठी अशी फेरी म्हणजे स्कीइंगमधला सर्वांत मोठा आनंद आहे: सकाळी एका गावातून निघावे, चार खिंडी ओलांडाव्यात, भाषा आणि जेवण बदलत जावे आणि संध्याकाळी निघालेल्या जागी परत यावे. हे सुख लहान रिसॉर्ट कधीच देऊ शकत नाही, आणि म्हणूनच विस्ताराला मी सरसकट नावे ठेवत नाही. ते सुख भोगण्याइतके पाय तयार व्हायला मात्र दोन-तीन हंगाम लागतात.

विस्ताराचे इतर तोटे लहान आहेत, पण कुटुंबाला ते जाणवतात. दोन डोंगरांना जोडणाऱ्या वाटा पुष्कळदा सपाट असतात. तेथे काठ्यांनी ढकलत जावे लागते आणि ९ वर्षांच्या मुलाचे हात लवकर थकतात. मोठ्या माणसांनी दूर जायचे ठरवले तरी मुलांचा स्की शिकण्याचा वर्ग सुटण्याच्या वेळी परत यावेच लागते, त्यामुळे प्रत्यक्षात कोणी दूर जात नाही. चुकामूक झाली तर ‘लिफ्टपाशी भेटू’ एवढ्याने भागत नाही, कारण एकाच गावातून चार-पाच लिफ्ट निघतात. रोज सकाळी भेटीची नेमकी जागा ठरवावी आणि प्रत्येकाच्या खिशात हॉटेलचा पत्ता असावा. गर्दी एरवी विखुरते, पण जोडलिफ्टांवर सकाळी आणि साडेतीननंतर एकदम दाटते.

लिफ्ट वापरण्यासाठीच्या पासचा विचार मात्र थोडा वेळ देऊन करावा. संपूर्ण प्रदेशाचा पास महाग असतो, तर एकाच दरीचा किंवा एकाच गावाचा पास बराच स्वस्त असतो, आणि फ्रान्समधल्या अनेक गावांत नवशिक्यांच्या उतारांवरच्या काही लिफ्ट विनामूल्य असतात. आपल्यापैकी ज्यांना पुढे बळ वाटेल त्यांनी एखाद्या दिवसापुरता मोठा पास घ्यावा. पहिल्याच दिवशी सहा दिवसांचा मोठा पास घेतला की ‘पैसे वसूल’ करण्याची ओढ लागते आणि त्या ओढीनेच माणसे आपल्या ताकदीबाहेर जातात. आमचा चौथा दिवस त्याचेच उदाहरण आहे. आपल्याकडच्या प्रवास विम्यात हिवाळी खेळ पुष्कळदा वगळलेले असतात आणि फ्रान्समध्ये उतारावरून जखमीला खाली आणण्याचा खर्च त्याच्याकडूनच घेतला जातो, म्हणून विम्याचे ते कलम आधी वाचावे.

गुलमर्गचा पर्याय आपण विचारलेला नाही, तरी थोडे लिहितो. तेथे गोंडोला, म्हणजे बंद डब्यांची लिफ्ट, ३,९०० मीटरांच्या वर अफरवाटपर्यंत नेते, परंतु वरचा बहुतेक उतार यंत्राने सारखा न केलेला आणि हिमस्खलनाचा धोका असलेला आहे. नवशिक्यांनी खालच्या कुरणावर शिकावे, आणि तेथले प्रशिक्षक धीराने शिकवतात हे मी कृतज्ञतेने सांगतो. एप्रिलच्या मध्यात मात्र त्या खालच्या कुरणावर बर्फाचा भरवसा नसतो.

आपल्या निर्णयात तारीखच सर्वांत महत्त्वाची आहे. परीक्षा संपून आपण निघेपर्यंत आल्प्समधल्या कमी उंचीवरच्या लहान गावांत गवत दिसू लागलेले असते, त्यामुळे लहान आणि स्वस्त हा पर्याय या महिन्यात जवळजवळ उरत नाही. उंची हवी असेल तर व्हाल तोरांससारखे गाव घ्यावे लागते, आणि असे गाव बहुधा मोठ्या प्रदेशाचाच भाग असते. तेथे हंगाम साधारणपणे मेच्या आरंभापर्यंत चालतो आणि उतार बहुतेक घरांच्या दारापर्यंत येतात. स्कीचे कडक बूट घालून मुलांना बसथांब्यापर्यंत चालवत न्यावे लागत नाही, ही सोय पहिल्याच सकाळी पटेल. समुद्रसपाटीवरून एकदम २,३०० मीटरांवर गेल्यामुळे पहिल्या रात्री झोप नीट लागली नाही तर घाबरू नये. पाणी भरपूर प्यावे आणि पहिला दिवस हलका ठेवावा. जाण्यापूर्वी दोन महिने पारसिकची किंवा खारघरची टेकडी आठवड्यातून तीनदा चढून उतरावी. मांड्यांना उतरण्याची सवय जास्त उपयोगी पडते.

पैसे भरण्यापूर्वी प्रवास कंपनीला हे लेखी विचारावे: आपल्या सहा दिवसांत शेजारच्या दऱ्यांच्या जोडलिफ्ट कोणत्या तारखेपर्यंत चालू आहेत? मेरिबेल आणि कुर्शव्हेल यांचा हंगाम व्हाल तोरांसच्या आधी संपतो. त्या तारखेनंतर आपण पोहोचणार असाल, तर जाहिरातीतल्या ६०० किलोमीटरांपैकी मोठा भाग बंद असेल, आणि त्या सहा दिवसांसाठी गावापुरताच पास घ्यावा.